अंधाराच्या मध्यावरचा सण

दरवर्षी जून महिन्यात अंटार्क्टिकावर जेवणाची आमंत्रणं फिरू लागतात. एका देशाच्या तळावरून दुसऱ्या देशाच्या तळाला ईमेल जातो. सगळ्या मंडळींचा एकत्र काढलेला फोटो, खाली शुभेच्छा, आणि मेजवानीला अगत्य येण्याचं करावं अशी विनंती. पाठवणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की कुणीही येणार नाही. मध्ये शेकडो, कधी हजारो किलोमीटर बर्फ. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. जहाज गेलं ते आता उन्हाळ्यातच उगवणार. तरी आमंत्रण जातंच, आणि तिकडूनही तसंच येतं.

या सणाचं नाव मिडविंटर. तारीख २१ जून किंवा तिच्या आगेमागे. अंटार्क्टिकावर नाताळ असतोच, पण डिसेंबर म्हणजे तिथला भर उन्हाळा. चोवीस तास ऊन आणि जहाजांवरचा माल उतरवण्याची घाई. त्यामुळे निवांत आणि मोठा सण जूनमध्ये येतो, मोजकी माणसं मागे उरल्यावर.

आता यातली गंमत बघा. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, म्हणून जूनमध्ये दक्षिण ध्रुवाकडचा भाग सूर्याकडे पाठ फिरवून असतो. आपलं ‘मैत्री’ हे केंद्र साधारण पावणेएकाहत्तर अंश दक्षिणेला आहे. तिथे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य मावळतो तो थेट जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उगवतो. पण या काळात तिथे सतत काळाकुट्ट अंधार असतो असं मात्र नाही. २१ जूनच्या दुपारीही सूर्य क्षितिजाच्या फक्त चार-सव्वाचार अंश खाली असतो. त्यामुळे दुपारी काही तास उत्तरेकडे संधिप्रकाश पसरतो. झुंजुमुंजू होतं, उजाडत नाही एवढंच! आणि पौर्णिमेचा चंद्र नेमका सूर्याच्या समोर असल्याने तो भर हिवाळ्यात मावळायलाच तयार नसतो. काही दिवस आकाशात नुसता गोल फिरत राहतो. सूर्याने दांडी मारलेल्या दिवसांत रात्रपाळी करणारा चंद्र म्हणायचा.

हा अंधार माणसाचं काय करतो, ते पहिल्यांदा कळलं बेल्जिका या जहाजावर. आद्रियाँ द जर्लाश याच्या बेल्जियन मोहिमेचं हे जहाज १८९८च्या मार्चमध्ये बर्फात अडकलं. अंटार्क्टिकाच्या प्रदेशात हिवाळा काढणारी ही पहिली माणसं. मे महिन्यात सूर्य गेला आणि जूनच्या ५ तारखेला त्यांच्यातला एमिल डँको वारला. बाकीच्यांना झोप लागेना, हिरड्या सुजल्या, बोलणं तुटलं. जहाजाला फेऱ्या मारत चालायचा नेम होता, त्याला त्यांनीच वेड्यांची फेरी असं नाव ठेवलं. जहाजाचा डॉक्टर फ्रेडरिक कुक याने मग दोन गोष्टींचा धोशा लावला. एक, पेंग्विनचं आणि सीलचं ताजं मांस खा. जर्लाशला त्याची किळस होती, तरी खा. दुसरी, कपडे उतरवून पेटत्या भट्टीसमोर बसा. ताज्या मांसात क जीवनसत्त्व असतं हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. माणसाला प्रकाश हवा असतो, हाही कुकचा अंदाजच होता. हिवाळी नैराश्याचं वैद्यकीय वर्णन नॉर्मन रोझेन्थाल यांनी केलं ते १९८४मध्ये, म्हणजे कुकच्या भट्टीनंतर ८६ वर्षांनी.

आणि आता दुसरा हिवाळा पाहा. २२ जून १९११, अंटार्क्टिकावरचं केप इव्हान्स. कॅप्टन स्कॉटच्या ब्रिटिश मोहिमेच्या लाकडी झोपडीत पंचवीस माणसं. जेवणं झाल्यावर त्यांच्यातला बॉवर्स एक झाड घेऊन आत येतो. ज्या भूमीवर एक झाड उगवत नाही, तिथे चक्क ख्रिसमस ट्री! चिरलेले बांबू, स्कीची एक काठी, फांद्यांच्या टोकांना बांधलेली पिसं. झाडावर मेणबत्त्या, मिठाई आणि खेळणी. ही खेळणी मोहिमेतल्याच विल्सनच्या मेहुणीने दिलेली. त्या बाईंनी ती इंग्लंडमध्ये बांधून दिली तेव्हा तिथे कुणाच्या डोक्यात अंटार्क्टिकाचा जून महिना असेल? घोडदळाचा कॅप्टन ओट्स, एरवी मोजकं बोलणारा माणूस. त्याच्या वाट्याला आली एक शिट्टी, एक स्पंज आणि एक खोटी बंदूक. मग काय, तो रात्रभर प्रत्येकावर नेम धरत हिंडला, आणि गोळी लागल्यावर समोरच्याने पडलंच पाहिजे हा त्याचा हट्ट. पुढे नऊ महिन्यांनी, दक्षिण ध्रुवावरून परतताना, हाच ओट्स आपल्यामुळे सोबत्यांचा वेळ जाऊ नये म्हणून तंबूतून हिमवादळात निघून गेला.

मला मिडविंटरचं नवल वाटतं ते तारखेमुळे. २१ जूनला डोळ्यांना दिसेल असं काहीच बदलत नाही. दुसऱ्या दिवशीचा संधिप्रकाश काही सेकंदांनी वाढला तर वाढला. थंडी तर ओसरतही नाही, कितीतरी ठिकाणी सर्वांत कडाक्याचे दिवस जुलै-ऑगस्टमध्ये येतात. सूर्य परत फिरलाय हे पंचांग सांगतं, खिडकी सांगत नाही. म्हणजे भरवसा ठेवायचा तो गणितावर आणि शेजारी बसलेल्या माणसावर. बेक्टेल आणि बर्निंग या संशोधकांनी १९९१मध्ये असं मांडलं होतं की एकांतवासातली मनःस्थिती सर्वांत बिघडते ती मध्य ओलांडल्यावर, तिसऱ्या चौथाईत. अर्धं संपलं हा आनंद ओसरतो आणि अजून अर्धं उरलंय हे अंगावर येतं. नंतरच्या सगळ्याच पाहण्यांत ते तसं आढळलं नाही, पण उताराच्या तोंडाशीच सण ठेवण्यात शहाणपण आहे, हे स्कॉटच्या वेळच्या खलाशांना शोधनिबंधाविनाच उमगलेलं दिसतं.

ब्रिटिश तळांवर चिठ्ठ्या टाकून ज्याच्या नावाची चिठ्ठी येईल त्याच्यासाठी गुपचूप स्वतःच्या हाताने भेटवस्तू बनवायची पद्धत आहे. कार्यशाळेत आठवडेच्या आठवडे कानस चालते. दुकान नाही, त्यामुळे पैसे टाकून सुटका नाही. शिवाय बीबीसी १९५५पासून या तळांसाठी मिडविंटरचा खास रेडिओ कार्यक्रम करते. त्यात घरच्यांचे निरोप आणि फर्माइशी गाणी असतात. श्रोते किती, तर जेमतेम काही डझन. ऑस्ट्रेलियन मंडळी बर्फात भोक पाडून त्यात डुबकी मारतात. तो प्रकार मला काही झेपणारा वाटत नाही.

आपली माणसं या गोतावळ्यात आली ती गोव्यातून. पहिली भारतीय मोहीम डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली. पहिला हिवाळा काढला तो ‘दक्षिण गंगोत्री’वर १९८४मध्ये, बारा जणांनी. आज ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही दोन केंद्रं आहेत, आणि त्यांचा कारभार पाहणारी संस्था वास्को-द-गामा इथे आहे. इस्रोच्या मंगला मणी २०१६-१७मध्ये ‘भारती’वर ४०३ दिवस राहिल्या, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, संघातली एकमेव स्त्री म्हणून. ‘मैत्री’चे शेजारी रशियन, चार-पाच किलोमीटरवरच्या नोवोलाझारेवस्कायाचे. त्याच तळावर १९६१च्या एप्रिलअखेर सत्तावीस वर्षांच्या डॉ. लिओनिद रोगोझोव यांनी स्वतःचं अपेंडिक्स स्वतः कापून काढलं. एक हवामानतज्ज्ञ हत्यारं पुढे करत होता आणि एक मेकॅनिक आरसा धरून होता. दोघांपैकी एकही वैद्यकी शिकलेला नव्हता. हिवाळ्यात तिथे शेजारधर्म म्हणजे काय, याची कल्पना यावरून यावी.

आपल्या केंद्रांचं टपाल गोवा विभागाकडे, म्हणजेच डाक खात्याच्या महाराष्ट्र परिमंडळाकडे येतं. ‘भारती’वर ५ एप्रिल २०२४ रोजी टपाल शाखा उघडली, तिचा प्रायोगिक पिनकोड आहे एमएच-१७१८. तुम्हालाही तिकडे चार ओळी खरडाव्याशा वाटल्या तर जरूर लिहा, फक्त लवकर टाका. तिकडची टपालाची थैली मोहिमेबरोबरच जाते.