थंड गावातला उन्हाळा आणि घरातले आजी-आजोबा

‘‘बंगळूरला कसला आलाय उन्हाळा! आमच्या सोलापूरला येऊन बघा एकदा.’’

मुलाकडे बंगळूरला राहायला आलेले निवृत्त वडील एप्रिल महिन्यात हे वाक्य एकदा तरी बोलतातच. माझ्या मावशीचे यजमानही हेच म्हणत. त्यांची सारी नोकरी सोलापुरात झाली. तिथल्या मे महिन्यात डोक्याला पंचा गुंडाळून सायकलवरून कचेरी गाठणारा हा माणूस. बंगळूरच्या उन्हाची त्याला काय मातब्बरी? वय शहात्तर, रक्तदाबासाठी सकाळी एक गोळी आणि पायांवर सूज येते म्हणून लघवी साफ होण्याची आणखी एक. बाकी प्रकृती ठणठणीत.

2024 च्या एप्रिलमध्ये काका गप्प गप्प राहू लागले. वर्तमानपत्र उघडायचे आणि एकाच पानावर नजर लावून बसायचे. मुलगा आणि सून सकाळी आठला बाहेर पडत, ते रात्रीच परतत. चौथ्या दिवशी दुपारी काकांनी मावशीलाच विचारले, ‘‘हे घर कुणाचं गं?’’ मावशीच्या पोटात गोळा आला. घरात सर्वांना वाटले, झाले, म्हातारपणाचा विसरभोळेपणा सुरू झाला. रात्री मुलाने त्यांना दवाखान्यात नेले. रक्त तपासले, तर शरीरातले पाणी आणि सोडियम दोन्ही घसरलेले. तीन दिवस सलाईन लावल्यावर काका पुन्हा पहिल्यासारखे बोलू लागले. डॉक्टरांनी विचारले, ‘‘दिवसभरात पाणी किती पिता?’’ काका म्हणाले, ‘‘तहान लागली की पितो.’’

तहान लागतच नव्हती, हीच तर खरी अडचण होती.

तहान फसवते

तरुणपणी शरीरातले पाणी जरा कमी झाले की मेंदू लगेच तहानेची घंटा वाजवतो. साठी-सत्तरीनंतर ही घंटा मंद होते. घसा कोरडा पडला तरी पाण्याची आठवण होत नाही. त्यातच मूत्रपिंडांची पाणी धरून ठेवण्याची ताकद कमी होते, घाम कमी येतो आणि त्वचेकडे जास्त रक्त पाठवून अंग थंड ठेवण्याचे हृदयाचे कामही पूर्वीसारखे जमत नाही. म्हणून त्याच खोलीत, त्याच पंख्याखाली बसलेल्या नातवाला नुसते उकडते आणि आजोबांना भोवळ येते.

यात भर पडते औषधांची. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या पाणी आणि क्षार बाहेर टाकतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे उन्हाळ्यात दाब गरजेपेक्षा खाली जातो. मग अंथरुणातून एकदम उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस न्हाणीघरात पडतो. सर्दी-खाज यांच्या काही जुन्या गोळ्या आणि मनोविकारांवरची काही औषधे घाम रोखतात. याचा अर्थ गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या असा मुळीच नव्हे. ते तर उन्हापेक्षाही घातक. मात्र मार्च महिना लागला की सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे आणि स्पष्ट विचारावे, ‘‘उन्हाळ्यात यातलं काही कमी-जास्त करायचं का? आणि दिवसाला पाणी किती प्यायचं?’’ दुसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा. ज्यांचे हृदय किंवा मूत्रपिंड अशक्त आहे त्यांना पाण्याची मर्यादा घालून दिलेली असते, आणि ‘उन्हाळा आहे, भरपूर पाणी प्या’ हा सर्वांना सरसकट दिला जाणारा सल्ला त्यांना बाधतो. अशी मर्यादा नसलेल्यांनी साधारण दीड ते दोन लिटर पाणी दिवसभरात विभागून घ्यावे, तहान लागो वा न लागो.

पाणी न पिण्याचे आणखी एक कारण असते, जे आपले वडीलधारे संकोचाने सांगत नाहीत. रात्री दोन-दोनदा उठावे लागते, गुडघे दुखतात, अंधारात पाय अडखळतो, सुनेची झोपमोड होते. म्हणून संध्याकाळनंतर पाणी बंद. पुढे ती सवय दुपारपर्यंत सरकते. यावर सोपा मार्ग म्हणजे दिवसाचे बरेचसे पाणी संध्याकाळी पाचच्या आत संपवणे आणि न्हाणीघराच्या वाटेवर रात्रभर एक मंद दिवा ठेवणे. काकांच्या बाबतीत तर वेगळेच निघाले. 2024 च्या त्या उन्हाळ्यात बंगळूरमध्ये बोअरवेल आटल्या होत्या, टँकरची वाट पाहावी लागत होती, पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्याला पाच हजार रुपये दंड ठरला होता. दुष्काळी मुलखात वाढलेल्या काकांनी आपल्यापुरती काटकसर सुरू केली होती, ती प्यायच्या भांड्यापासून!

‘गार’ शहराचा उन्हाळा

बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून अधिक उंचीवर आहे. शहाजीराजांना सतराव्या शतकात ही जहागीर मिळाली, तेव्हापासून मराठी माणसाला इथल्या हवेची ओढ आहे असे म्हणायला हरकत नाही. नागपूरचा मे महिना 42-43 अंशांचा, तर इथल्या एप्रिलचे सरासरी कमाल तापमान 34 च्या आसपास. पण 24 एप्रिल 2016 रोजी इथला पारा 39.2 पर्यंत चढला. तो तोपर्यंतचा उच्चांक होता. 28 एप्रिल 2024 रोजी तो 38.5 वर गेला. मैदानी भागात उष्णतेची लाट जाहीर करण्यासाठी हवामान खाते किमान 40 अंशांची अट लावते. म्हणजे 2016 चा तो विक्रमी दिवससुद्धा या रेषेच्या आतच. मग घरातल्यांनी सावध व्हायचे कशावरून?

उष्णता माणसाला बाधते ती नुसत्या आकड्याने नव्हे. शरीराला आणि घराला तिची सवय नसली की बाधते. 2003 च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये उष्णतेच्या लाटेने सुमारे पंधरा हजार माणसे दगावली. त्यांत मोठा भरणा पंचाहत्तरीपुढच्यांचा होता. अनेकजण पॅरिससारख्या शहरांत, जस्ताच्या छपराखालच्या वरच्या मजल्यांवर एकटे राहत होते आणि घरची माणसे सुट्टीवर गेलेली होती. आपल्याकडे घरची माणसे सुट्टीवर नसतात, ऑफिसात असतात. दुपारी बारा ते चार या वेळेत त्या घरात फरक तो काय?

सोलापूरचे जुने घर आठवा. जाड भिंती, माळवद, दुपारी बंद केलेली दारे. बंगळूरच्या सर्वांत वरच्या मजल्यावरचा फ्लॅट दिवसभर तापतो आणि रात्री दहानंतरही छतातून ऊब सोडत राहतो. त्यामुळे आजी-आजोबांचा पलंग पश्चिमेच्या भिंतीला लावू नये. दुपारी त्या बाजूच्या खिडक्या-पडदे बंद ठेवावेत आणि रात्री, बाहेरची हवा गार झाली की, सगळे उघडावे. इथल्या रात्री बहुधा बऱ्याच गार असतात. तो या शहराचा मोठा आशीर्वाद, तो आत येऊ द्यायला हवा. गच्चीवर पांढरा चुना दिला तरी खोलीत फरक पडतो. एप्रिलची हवा कोरडी असते, म्हणून ओला पंचा मानेवर टाकून पंख्याखाली बसणे हा उपाय चांगला चालतो. मे महिन्यात वळवाच्या सरी सुरू झाल्या की दमटपणा वाढतो आणि त्याचा गुण थोडा कमी होतो.

फिरायला लालबागेत किंवा कब्बन पार्कमध्ये जाणाऱ्यांनी सकाळी आठच्या आत घरी परतावे. उंचीमुळे इथले ऊन गार वाऱ्यातही त्वचेला चटकते, हे लक्षात येत नाही.

पन्हे तिकडे, पानक इकडे

चैत्रागौरीच्या हळदीकुंकवाला आपल्याकडे कैरीची डाळ आणि पन्हे असते. रामनवमीला बंगळूरच्या देवळांत आणि चामराजपेठेतल्या संगीतोत्सवाच्या दिवसांत हीच जोडी वेगळ्या नावाने भेटते: भिजवलेल्या मूगडाळीची, काकडी घातलेली कोसंबरी, आणि गूळ, लिंबू, सुंठ, वेलची घातलेले पानक. सोबत ‘नीर मज्जिगे’, म्हणजे आले, कोथिंबीर, मीठ घातलेले पातळ ताक. नाचणीची आंबील इथे ‘अंबली’ होते. उन्हाळ्याची ही जाण दोन्ही मुलखांत एकच, यात नवल नाही. मधुमेह असेल तर गुळाच्या पानकाऐवजी ताक बरे. रक्तदाब असेल तर ताकात मिठाची चिमूटच.

शहाळ्याबद्दल एक सावधगिरी. त्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी आणि रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांनी रोज शहाळे पिण्याआधी डॉक्टरांना विचारावे. ओआरएसची पुडी मोजून एक लिटर पाण्यातच मिसळायची, अर्ध्या लिटरमध्ये नव्हे. आणि ती जुलाब-उलट्यांसाठी किंवा डॉक्टरांनी सांगितले तर, सरबत म्हणून नव्हे. फिल्टर कॉफी मात्र कुणाची तोडू नका. दोन लहान पेल्यांनी पाणी आटत नाही. बंगळूरला येऊन तेवढे सुख तरी हवे!

केव्हा घाबरायचे?

लहान मुलांच्या कातडीला चिमटा काढून पाण्याची कमतरता ओळखतात. म्हाताऱ्या माणसांची त्वचा मुळातच सैल, तिथे हा चिमटा फसवतो. जीभ कोरडी आहे का, लघवी गडद पिवळी आणि कमी होते का, हे पाहावे. रोज सकाळी त्याच काट्यावर वजन घ्यावे. दोन दिवसांत किलोभर उतरले तर ते बहुधा पाणीच असते. आणि नेहमीचा बोलका माणूस अचानक गप्प झाला, अडखळू लागला, भलतेच बोलू लागला, तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

अंग तापून कातडी गरम झाली, माणूस भ्रमिष्ट झाला किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजून ताबडतोब 108 ला फोन करावा. तोवर सावलीत निजवून कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडत वारा घालावा, मानेला, काखेत, जांघेत बर्फाची पिशवी धरावी. शुद्ध नसताना तोंडात पाणी ओतू नये. तापाच्या गोळीचा इथे उपयोग होत नाही.

काका आता सत्त्याहत्तरीच्या पुढे गेले आहेत. त्यांची सूज उतरवणारी गोळी डॉक्टरांनी बदलून दिली. सुनेने पाण्याच्या दोन बाटल्या टेबलावर ठेवल्या आहेत. एक बाराच्या आत संपवायची, दुसरी पाचच्या आत. दीड वाजता सुनेचा ऑफिसातून फोन येतो, ‘‘बाबा, पहिली संपली का?’’ कधी कधी ती संपलेली नसते. काका तेवढ्यात दोन घोट घेतात आणि मावशीकडे बघत ‘‘संपतेय, संपतेय’’ म्हणतात. मावशी फोन काढून घेते आणि खरे काय ते सांगते.