वनस्नान : जंगलाचा सहवास शरीराला काय देतो?

‘शिनरिन-योकू’ म्हणजेच वनस्नान, ही जंगलात शांतपणे वेळ घालवण्याची जपानी आरोग्यपद्धती आहे. यात ना व्यायाम असतो, ना गिर्यारोहण. झाडांमधून सावकाश चालायचे, मध्येच थांबायचे, मातीचा आणि पानांचा वास घ्यायचा, पाण्याचा आवाज ऐकायचा, आणि तेवढा वेळ दुसरे काही करायचे नाही. दोन-तीन तासांत जेमतेम दोन-तीन किलोमीटर चालणे होते. जपानच्या वनखात्याचे तेव्हाचे प्रमुख तोमोहिदे आकियामा यांनी १९८२ मध्ये ही कल्पना मांडली. त्याच वर्षी नागानो प्रांतातल्या आकासावा जंगलात तिचा पहिला कार्यक्रम झाला.

जागेची ही निवड अर्थपूर्ण होती. आकासावातले हिनोकी वृक्ष तीनशे वर्षांहून जुने आहेत. एदो काळात या भागात चोरून हिनोकी तोडणाऱ्याला देहदंड होता. दर वीस वर्षांनी नव्याने बांधल्या जाणाऱ्या इसे येथील शिंतो मंदिरासाठी लाकूड याच किसो खोऱ्यातून येते. जपानची दोन-तृतीयांश भूमी जंगलाखाली आहे, तरी बहुसंख्य लोक शहरांत राहतात. अतिकामाने आलेला मृत्यू, अर्थात ‘कारोशी’, ही १९८०च्या दशकात तिथली जाहीर चिंता झाली होती. दमलेल्या शहरी माणसाला जंगलाकडे न्यावे आणि त्या निमित्ताने जंगलही राखले जावे, असे या कल्पनेचे दुहेरी प्रयोजन होते.

रक्तदाबापासून प्रतिकारशक्तीपर्यंत

सुरुवातीला वनस्नानामागे अनुभव होता, पुरावा नव्हता. १९९०मध्ये योशिफुमी मियाझाकी यांनी याकुशिमा बेटावरच्या प्राचीन जंगलात मोजमापांना सुरुवात केली. पुढे त्यांच्या गटाने देशभरातल्या २४ जंगलांत एकाच पद्धतीने प्रयोग केले आणि २०१०मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रत्येक ठिकाणी बारा तरुणांपैकी सहा जण जंगलात आणि सहा जण शहरात जात. दुसऱ्या दिवशी जागांची अदलाबदल होई. जंगलात लाळेतील कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचे प्रमाण शहरातल्यापेक्षा १३ ते १६ टक्क्यांनी कमी आढळले. नाडीचा वेग आणि रक्तदाबही थोडा उतरला. शरीराला विश्रांतीकडे नेणाऱ्या परानुकंपी मज्जासंस्थेचे काम मात्र वाढले. नुसते बसून झाडे पाहिल्यानेही हा बदल दिसत होता, म्हणजे त्याचे श्रेय केवळ चालण्याला देता येत नव्हते.

रोगप्रतिकारशक्तीवर निप्पॉन वैद्यकीय विद्यापीठातील चिंग ली यांनी काम केले. २००५मध्ये त्यांनी टोकियोतल्या बारा नोकरदार पुरुषांना तीन दिवसांसाठी नागानोतील इइयामाच्या जंगलात नेले. विषाणूबाधित पेशी आणि कर्कपेशी शोधून नष्ट करणाऱ्या ‘नैसर्गिक मारक पेशीं’ची क्रियाशीलता त्यांच्या रक्तात सुमारे निम्म्याने वाढली. पुढच्या अभ्यासांत हा परिणाम आठवडाभर, आणि काही प्रमाणात महिनाभर टिकलेला दिसला. तेवढ्याच दिवसांच्या शहरी सहलीने मात्र तो झाला नाही.

यामागचे एक संभाव्य कारण हवेत आहे. कीड आणि बुरशी यांच्यापासून बचावासाठी झाडे सुगंधी, उडनशील रसायने सोडतात. रशियन शास्त्रज्ञ बोरिस टोकिन यांनी त्यांना ‘फायटनसाइड’ हे नाव दिले. पाइनीन आणि लिमोनीन ही त्यांतली मुख्य. ली यांनी हॉटेलच्या खोल्यांत तीन रात्री हिनोकी तेलाची वाफ सोडून पाहिली. जंगलात न जाताही मारक पेशींची क्रियाशीलता वाढली आणि लघवीतील अॅड्रिनलिन घटले. मात्र असे प्रयोग मोजक्या लोकांवर झालेले आहेत. आपण जंगलात आहोत हे सहभागी व्यक्तीपासून लपवताही येत नाही, त्यामुळे अपेक्षेचा परिणाम वेगळा काढणे अवघड जाते. म्हणून वनस्नान हे कर्करोगावरचे किंवा रक्तदाबावरचे औषध ठरत नाही. औषधोपचाराला त्याची जोड द्यावी, इतकेच आजचा पुरावा सांगतो.

मनाचा विसावा

मनावरच्या परिणामाचे स्पष्टीकरण अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेचल आणि स्टीफन कॅप्लान यांनी १९८९मध्ये मांडले. हिशेब, वाहतूक, पडदे आणि सूचना यांवर लक्ष मुद्दाम खिळवावे लागते आणि ती क्षमता दमते. हलणारी पाने, ढग, वाहते पाणी लक्ष वेधून घेतात, पण त्याची मागणी करत नाहीत. तेवढ्या वेळात दमलेली क्षमता सावरते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१५च्या प्रयोगात ३८ जणांपैकी काहींना गवताळ, झाडांच्या परिसरात आणि इतरांना गजबजलेल्या रस्त्याकडेने ९० मिनिटे चालायला लावले. निसर्गात चाललेल्यांमध्ये स्वतःविषयीचे तेच ते नकारात्मक विचार कमी झाले आणि त्यांच्याशी निगडित मेंदूच्या भागातली हालचालही मंदावली. नैराश्याच्या मुळाशी अनेकदा हेच विचारचक्र असते, म्हणून या निष्कर्षाला महत्त्व आहे.

देवाची राई

या मोजमापांच्या कितीतरी आधीपासून जपानी माणसाचे जंगलाशी नाते श्रद्धेचे होते. शिंतो परंपरेत डोंगर, झरा, जुना वृक्ष यांत ‘कामी’ म्हणजे दैवी शक्ती वसते. गावाच्या देवस्थानाभोवती राखलेल्या राईला ‘चिंजु नो मोरी’ म्हणतात. १९०६मध्ये सरकारने लहान देवस्थाने एकत्र करण्याचे धोरण आणले. देवस्थान हलले की तिथली झाडे तोडायला मोकळीक मिळे. जीवशास्त्रज्ञ मिनाकाता कुमागुसु (१८६७–१९४१) यांनी याला कडाडून विरोध केला आणि १९१०मध्ये त्यासाठी तुरुंगवासही भोगला. राई गेली की दुर्मीळ जीव जातात, आणि त्यांच्याबरोबर गावाचा एकोपा व मनःशांतीही जाते, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२०मध्ये ते धोरण मागे पडले. त्याच वर्षी टोकियोत मेइजी देवस्थान पूर्ण झाले. देशभरातून आलेली सुमारे एक लाख झाडे लावून तिथे सत्तर हेक्टरांचे जंगल उभारले गेले. माणसाने हात न लावता ते स्वतःच वाढत राहावे, अशीच त्याची आखणी होती, आणि आज ते महानगराच्या मधोमध तसे वाढते आहे.

महाराष्ट्रातील देवराई याच जातीची. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला. देवाच्या धाकाने आणि मायेने जिथली वाळकी काटकीही कुणी उचलत नाही, तिथे गारंबीचे अजस्र वेल, जुने बेहडे आणि बारमाही झरे टिकल्याचे या अभ्यासांतून पुढे आले.

जंगल कसे, हेही महत्त्वाचे

जंगल म्हणजे केवळ झाडांची संख्या नव्हे, हा धडाही जपाननेच घेतला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लाकडाची गरज भागवण्यासाठी तिथे लाखो हेक्टरांवर सुगी या एकाच जातीच्या सूचिपर्णी वृक्षाची लागवड झाली. पुढे स्वस्त आयात लाकडामुळे ती झाडे तोडलीच गेली नाहीत. वयात आलेल्या या झाडांचे परागकण दर वसंतात हवेत पसरतात. आज जपानमधल्या एक-तृतीयांशाहून अधिक लोकांना त्यांची अॅलर्जी आहे. शिंका आणि डोळ्यांची जळजळ हा तिथला ऋतुमानाचाच भाग झाला आहे. आकासावातले जुने जंगल आणि सुगीची एकसुरी लागवड दोन्ही हिरवीच, पण एकाकडे माणसे बरे वाटावे म्हणून जातात आणि दुसऱ्यामुळे आजारी पडतात. जंगल स्वतः निरोगी असेल तेवढेच आरोग्य ते माणसाला देऊ शकते.

वनस्नानासाठी दूर जाण्याची गरज नसते. इंग्लंडमधील सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवर आधारलेल्या २०१९च्या अभ्यासात, आठवड्याला किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली प्रकृती आणि समाधान चांगले असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. तो वेळ एकदम घालवला की तुकड्यातुकड्यांनी, याने फरक पडला नाही. शहरातली टेकडी, नदीकाठ, जुन्या झाडांची बाग यांवरही हे भागते. जपानमध्ये आता साठहून अधिक जंगलांना शास्त्रीय चाचण्यांनंतर ‘वनोपचार केंद्र’ म्हणून मान्यता मिळाली आहे. सह्याद्रीत मात्र मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी, रस्त्यासाठी देवरायांवर कुऱ्हाड चालते आहे. शंभर वर्षांचा बेहडा तोडून लावलेले रोप त्याची जागा घ्यायला आणखी शंभर वर्षे घेईल. आपल्या गावची राई आणि शहरातली टेकडी आहे तशी राखणे हे धर्मकार्य आहे आणि सार्वजनिक आरोग्याचे कामही. ग्रामसभांनी आणि नगरपालिकांनी ते त्याच गांभीर्याने हाती घ्यावे.