बेडकाची कातडी आणि खाचरातले औषध



मृगाचा पाऊस पडला की बिरवाडीच्या खाचरांत मोठे पिवळेधमक बेडूक डराव डराव करू लागतात. हे नर. एरवी हिरवट-मातकट, विणीच्या दिवसांतच पिवळे. उन्हाळाभर ते जमिनीत गाडून घेऊन पडलेले असतात.

असे का? धामणीच्या अंगावर कोरडे खवले असतात, अंगातले पाणी टिकते, म्हणून ती बांधावर उन्हातही फिरते. बेडकाची कातडी उघडी आणि ओली. तो तोंडाने पाणी पीत नाही, कातडीनेच शोषतो. श्वासही थोडाफार तिच्यातूनच घेतो. मग पाण्यात औषध असेल तर तेही आत जाणारच! शेपटीवाली पिल्ले तर कल्ल्यांनी श्वास घेतात. त्यांनी पळायचे कुठे?

नाकतोडे, अळ्या, तुडतुडे बेडूक फुकट खातो. तेव्हा रात्री बॅटरी घेऊन बेडूक धरणे सोडा. तंगड्यांची निर्यातसुद्धा सरकारने १९८७ साली बंद केली. कीड पाहूनच फवारा. खेकड्यांसाठी म्हणून खाचरात औषध ओतू नका. पंप ओढ्यावर धुऊ नका. धुतलेले पाणी विहिरीपासून लांब, पडीक जागेत टाका.