घाटमाथ्यावरचे भांडवल

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या गिरण्या दूर बंगालहून येणाऱ्या महागड्या कोळशावर चालत होत्या आणि त्याच काळी लोणावळ्याच्या माथ्यावर चार महिन्यांत कोसळणारे अफाट पाणी इंद्रायणीवाटे पूर्वेकडे निघून जात होते. त्या पाण्यापासून वीज निर्माण करून या दोन गोष्टींचा सांधा जुळविण्याची कल्पना मुंबईतील डेव्हिड गॉस्टलिंग या अभियंत्याने मांडली आणि जमशेटजी टाटांनी ती उचलून धरली. 1904 मध्ये जमशेटजी निवर्तले. पुढे 1910 साली त्यांचे पुत्र दोराबजी यांनी वीज कंपनी स्थापन केली आणि तिचे भांडवल हिंदुस्थानातच, त्यात संस्थानिकांकडूनही, उभे राहिले, ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती.

वळवण, लोणावळा व शिरवटा येथील तलावांत साठविलेले पाणी पोलादी नळांतून सतराशे फुटांवरून खोपोलीला उतरते आणि तेथे त्याचा झोत पेल्टन चक्राच्या वाट्यांवर आदळतो, ही व्यवस्था 1915 मध्ये सुरू झाली. परंतु माझ्या मते या उद्योगाचे खरे कर्तृत्व धरणापेक्षा ग्राहक घडविण्यात आहे. कारण ज्यांनी बाष्पयंत्रांत आपला पैसा आधीच गुंतविला होता, त्या गिरणीमालकांना ती काढून विजेच्या मोटारी बसविण्यास राजी केल्यावाचून त्या पाण्याला बाजारभावच नव्हता. मागणीची वाट न पाहता ती निर्माण करण्याची ही चिकाटी फळाला आली. 1922 मध्ये भिवपुरीचे वीजकेंद्र चालू झाले आणि 1925 मध्ये बोरीबंदर ते कुर्ला विजेची आगगाडीही धावू लागली.

याच विस्ताराने पुढे धरणासाठी मुळशीचे खोरे गाठले. आंबेमोहोर पिकविणाऱ्या मावळ्यांच्या जमिनी 1894 च्या भूसंपादन कायद्यान्वये घेण्याचे ठरले, तेव्हा त्यांची संमती घेण्याची तजवीज त्या कायद्यात नव्हती; कित्येकांच्या जमिनी सावकारांकडे गहाण असल्याने मोबदल्याची रक्कमही त्यांच्या हाती फारशी पडली नाही. भांडवलाच्या दूरदृष्टीचा गौरव करताना हे प्रकरण बाजूस सारणे मला अन्यायाचे वाटते. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली 1921 मध्ये सुरू झालेला सत्याग्रह तुरुंगवास सोसून 1924 पर्यंत चालला; पुढे 1927 मध्ये मुळा व नीला यांचे अडविलेले पाणी कोकणात भिऱ्याच्या यंत्रांवर पडू लागले, तेव्हा सुमारे पन्नास गावांची भातखाचरे त्या पाण्याखाली होती.