मोजपट्टी घेतलेली सल्लागार

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला नॅन्सी हॉपकिन्स या जीवशास्त्रज्ञ झेब्रा माशांवर संशोधन करू पाहत होत्या. माशांच्या टाक्यांसाठी त्यांना आणखी २०० चौरस फूट जागा हवी होती. ती काही मिळेना. तुमच्याकडे आहे तेवढी पुरे, असंच ऐकायला मिळे. शेवटी त्यांनी मोजपट्टी घेतली आणि रात्री इमारत रिकामी झाल्यावर एकेक प्रयोगशाळा मोजून काढली. त्यांच्या बरोबरीच्या पुरुष प्राध्यापकांकडे साधारण दुप्पट जागा निघाली. १९९४ साली त्या आपल्या सहकारी स्त्री-प्राध्यापकांना घेऊन अधिष्ठात्यांकडे गेल्या, तेव्हा विज्ञान विद्याशाखेतल्या कायम प्राध्यापकांत स्त्रिया होत्या १५ आणि पुरुष दोनशेच्या आसपास. समिती नेमली गेली, जागा, पगार, पुरस्कार, समित्यांवरच्या नेमणुका असं सगळं तपासलं गेलं, आणि १९९९मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. संस्थेचे अध्यक्ष चार्ल्स व्हेस्ट यांनी त्यात भेदभाव होत असल्याचं मान्य केलं. अहवालातली एक नोंद फारशी सांगितली जात नाही. तरुण स्त्री-प्राध्यापकांना आपल्यावर अन्याय होतोय असं वाटतच नव्हतं. तो प्रश्न आधीच्या पिढीचा, आता मिटला, अशी त्यांची समजूत होती. आणि आज तक्रार करणाऱ्या ज्येष्ठ बायकांचीही तरुणपणी नेमकी तीच समजूत होती.

विद्यापीठातल्या समता-सल्लागाराचं काम काय, हे या मोजपट्टीवरून नीट कळतं. ब्रिटनमधल्या विद्यापीठांत समता-सल्लागार हे रीतसर पगारी पद असतं. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत समता अधिकारी नेमणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि प्राध्यापक निवडीच्या प्रक्रियेतही तिला स्थान असतं. आपल्याकडे हेच काम तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा आणि यूजीसीचे २०१५चे नियम यांमुळे अंतर्गत तक्रार समिती सगळीकडे आली. महिला विकास कक्ष त्याआधीपासून होतेच. पण महाविद्यालयाच्या नॅक मूल्यांकनाची फाइल उघडून पाहा. समतेच्या पानावर ८ मार्चचे फोटो असतात: दीपप्रज्वलन, पाहुण्यांना शाल-श्रीफळ, ‘स्त्री सक्षमीकरण’ विषयावर रांगोळी स्पर्धा, तळाशी सहभागी विद्यार्थिनींची संख्या. तक्रार समिती हवीच, पण तिचं काम गुन्हा घडल्यावर सुरू होतं. कोणालाही दोषी न ठरवता, नियमानुसार, सगळ्यांच्या सहीने जी विषम वाटणी होत राहते ती समितीपुढे येतच नाही, कारण त्यात तक्रार करण्याजोगा प्रसंगच नसतो. ती दिसते फक्त मोजल्यावर. म्हणून माझं म्हणणं असं की, सल्लागाराला व्याख्यानाचा हॉल दिला नाही तरी चालेल, पण आस्थापना विभागाच्या कपाटाची किल्ली मात्र दिली पाहिजे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: मुली तर आता निम्म्या आहेत, मग उरलं काय? विद्यार्थ्यांपुरतं ते खरं आहे. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२मध्ये ४.३३ कोटी विद्यार्थ्यांपैकी २.०७ कोटी मुली होत्या, आणि मुलींचं प्रवेशाचं एकूण प्रमाण (२८.५) मुलांच्या प्रमाणाच्या (२८.३) किंचित पुढे गेलं होतं. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं त्या काळाशी ताडून पाहिलं, तर ही मजल थोर म्हणावी लागेल. पण त्याच सर्वेक्षणात दर १०० पुरुष शिक्षकांमागे ७७ स्त्रिया आहेत, आणि सहायक प्राध्यापकाकडून प्राध्यापकाकडे जावं तसं स्त्रियांचं प्रमाण घसरत जातं. बाकावर निम्म्या असलेल्या मुली खुर्चीपर्यंत पोचेतो कुठे गळतात, हा प्रश्न प्रवेशाच्या आकड्याने सुटत नाही, उलट आणखी टोकदार होतो.

दुसरा आक्षेप गुणवत्तेचा, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. स्वीडनमधल्या वैद्यकीय संशोधन निधीच्या अर्जांचा अभ्यास क्रिस्टीन वेनेरास आणि अग्नेस वोल्ड यांनी १९९७मध्ये प्रसिद्ध केला. परीक्षकांकडून पुरुषाइतके गुण मिळवायला स्त्रीला सुमारे अडीचपट काम दाखवावं लागत होतं. पण २०१५मध्ये अमेरिकेतल्या वेंडी विल्यम्स आणि स्टीफन सेसी यांनी काल्पनिक उमेदवार पुढे ठेवून प्राध्यापकांची पसंती विचारली, तेव्हा कौल दोनास एक असा स्त्री-उमेदवाराच्या बाजूने गेला. म्हणजे निवडीच्या टेबलावरचा पक्षपात सगळीकडे, सर्वकाळ सारखाच असतो असं कोणी म्हणू नये. सल्लागाराने तर मुळीच नाही. पुरावा आपल्या विरोधात गेला की तो दडपणाऱ्या सल्लागाराचं पुढे कोण ऐकणार? मात्र नेमणूक झाल्यावर काय होतं, याबद्दल हा दुसरा अभ्यास काही सांगत नाही. ते लिंडा बॅबकॉक आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये तपासलं. बढतीला उपयोग नसलेलं, पण कोणीतरी करायलाच हवं असं काम पुढे आलं की मिश्र गटात ते बायका पुरुषांपेक्षा बरंच जास्त वेळा अंगावर घेतात. गंमत पुढे आहे. नुसत्या पुरुषांच्या गटात पुरुषही ते काम नुसत्या बायकांच्या गटाइतक्याच तत्परतेने उचलतात. तेव्हा ‘बायकांना आवडच असते हो’ हे स्पष्टीकरण टिकत नाही. समोर बाई आहे म्हणजे ती करेल, ही अपेक्षाच काम वाटत असते. आपल्या महाविद्यालयातली यादी कोणत्याही स्टाफरूममध्ये तोंडपाठ असते: सूत्रसंचालन, स्नेहसंमेलनाच्या तालमी, पाहुण्यांचं स्वागत, सहलीत मुलींसोबत जाणं, नॅकच्या फायलींना फ्लॅग लावणं. कॅस या बढती योजनेचा अर्ज भरायची वेळ आली की यातल्या बहुतेक कामांना शोधनिबंधाचं मोल नसतं. कोणाकडे कोणतं काम किती तास गेलं याचा साधा तक्ता काढून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवणं, हे सल्लागाराचं काम. त्यात गुणवत्तेला धक्का कुठे लागतो?

बरं, नियम सर्वांना सारखे केले की भागेल, असंही नाही. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी मूल झाल्यावर नोकरी कायम होण्याची मुदत आई आणि वडील दोघांनाही एकेक वर्ष वाढवून दिली. हेतू उत्तम. हेदर अँटेकोल, केली बेडार्ड आणि जेना स्टर्न्स यांनी पहिल्या पन्नास अर्थशास्त्र विभागांतलं त्याचं फळ २०१८मध्ये मांडलं: त्या विद्यापीठात कायम होण्याचं पुरुषांचं प्रमाण १९ टक्के-बिंदूंनी वाढलं, स्त्रियांचं २२ने घटलं. वाढीव वर्षात बाप शोधनिबंध लिहीत होते. आपल्याकडे चूक उलट्या टोकाची आहे. पीएचडीच्या नियमांत स्त्रियांना दोन वर्षांची जादा सवलत आणि प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. ती हवीच. पण बालसंगोपनाची रजा फक्त आईला देणारा नियम मूल आईचंच असं गृहीत धरतो, आणि मार्गदर्शक मनात तोच हिशेब करून विद्यार्थिनी निवडतो किंवा टाळतो. या दोन चुकांमधून वाट काढायची तर नियम लागू केल्यावर चार वर्षांनी परत मोजणारं कोणीतरी लागतं.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो: हे सगळं शेवटी कागदी घोडे नाचवणं होतं. ब्रिटनमध्ये २००५ साली अथेना स्वान ही सनद आली. विद्यापीठांनी स्वतःची आकडेवारी तपासायची, सुधारणेचा आराखडा द्यायचा आणि कांस्य, रौप्य, सुवर्ण असे दर्जे मिळवायचे. सुरुवातीला प्रतिसाद मंद होता. २०११मध्ये इंग्लंडच्या तेव्हाच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी डेम सॅली डेव्हिस यांनी वैद्यकीय संशोधनाच्या काही मोठ्या निधीसाठी रौप्य दर्जा अपेक्षित असल्याचं जाहीर केलं, आणि वैद्यकीय विद्याशाखांची झुंबड उडाली. पैशाची गाठ बसल्याशिवाय कुलगुरू फाइल वाचत नाहीत, हे तिथलंही सत्य. पण झुंबडीबरोबर भाराभर अर्ज आले, आणि ते भरण्याचं काम बहुतांशी बायकांच्याच गळ्यात पडलं. समतेचा अर्ज हेच बढतीला निरुपयोगी असं नवं काम झालं! २०२०मध्ये कागदपत्रांचा बोजा कमी करायचा म्हणून ती अट काढून टाकण्यात आली. त्याच वर्षी आपल्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने अथेना स्वानच्या धर्तीवर ‘गती’ हा उपक्रम आणला आणि प्रायोगिक टप्प्यात ३० संस्था निवडल्या. ब्रिटनच्या अनुभवातून इथे घ्यायचं ते एवढंच: अर्ज छोटा, आकडे जाहीर, आणि तो भरणाऱ्या माणसाच्या वर्कलोडमधून तेवढे तास वजा.

महाराष्ट्रात मात्र तक्ता मांडतानाच एक अडचण येते. प्राध्यापक भरती वर्षानुवर्षं रखडल्याने महाविद्यालयांचा मोठा भार तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर आहे. तास झाला तर पैसे, नाही तर नाही. त्यामुळे बाळंतपणात थेट उत्पन्नच थांबतं. या शिक्षकांना कॅस नाही, समित्यांवर मत नाही, पण स्नेहसंमेलनाच्या तालमी आहेत. समतेचा अहवाल लिहिताना आकडे सहसा मंजूर पदांचे घेतले जातात, कारण आस्थापनेच्या रजिस्टरात तेवढेच असतात. तासिकेच्या बिलांचा गठ्ठा लेखा विभागात, दुसऱ्या मजल्यावर, वेगळ्या कपाटात असतो.