लेकीचं खातं: सुकन्या की पीपीएफ?

मुलगी दहा वर्षांच्या आत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: आधी सुकन्या समृद्धी, मग पीपीएफ. व्याज दोन्हींचं करमुक्त. नवी करप्रणाली निवडली तरी ही सवलत जात नाही, जाते ती ८०सी ची वजावट.

फरक दरात आहे. पीपीएफचा दर एप्रिल २०२० मध्ये ७.१ टक्क्यांवर आला, सुकन्याचा जानेवारी २०२४ मध्ये ८.२ झाला. एका टक्क्याचं काय एवढं? चक्रवाढीत बरंच. ७२ ला दराने भागा: ८.२ टक्क्यांनी पैसे सुमारे पावणेनऊ वर्षांत दुप्पट होतात, ७.१ ने दहा वर्षांहून जास्त लागतात. शिवाय सुकन्यात भरणा पंधरा वर्षं, व्याज मात्र खातं उघडल्यापासून एकवीस वर्षांपर्यंत. वर्षाला किमान २५० रुपये, कमाल दीड लाख. मुलीच्या वयाच्या अठराव्या वर्षी किंवा दहावीनंतर शिक्षणासाठी निम्मी रक्कम काढता येते.

मुलगा असेल तर पीपीएफ. पण पालकाचं आणि मुलाचं खातं मिळून मर्यादा दीड लाखच.

दोन्हींत व्याज महिन्याच्या पाच तारखेनंतरच्या किमान शिलकीवर मिळतं. म्हणून पैसे पाच तारखेच्या आत भरा.