गुलकंद घरचा, जयणेचा

लग्नाच्या पंगतीत कांद्या-बटाट्याची कसून चौकशी करणारे आपण, जेवणानंतर हाती येणाऱ्या विड्यातील गुलकंदाविषयी सहसा एक शब्दही विचारीत नाही. फुले आणि साखर, यात विचारण्यासारखे काय, असा आपला समज असतो. नावही तेच सांगते: फारसीत ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘कंद’ म्हणजे साखर. परंतु बाजारातील बरणीत केवळ नावाइतकेच असते असे नाही.

अनेक गुलकंदांत साखरेबरोबर किंवा साखरेऐवजी मध असतो. मधाचा त्याग तर श्रावकाच्या आचाराच्या पहिल्याच पायरीवर सांगितला आहे. दुसरा प्रकार अधिक प्रतिष्ठित, म्हणून अधिक फसवा. बरणीवर मोठ्या अक्षरांत ‘प्रवाळयुक्त’ असे छापलेले असते आणि औषधी म्हणून ती आपण विश्वासाने घेतो. प्रवाळ म्हणजे पोवळे, समुद्रातील सूक्ष्म प्राण्यांनी रचलेला सांगाडा. तोच शुद्ध करून, खलून त्याची पिष्टी केली जाते. हिरव्या ठिपक्यावर विसंबावे, तर मध असलेल्या पदार्थावरही तो ठिपका असू शकतो, कारण शाकाहाराच्या सरकारी व्याख्येतून मध वगळलेला नाही. परदेशी जॅम आणि मिठायांमध्ये १२० क्रमांकाचा लाल रंग आढळतो, तो कोचिनील नावाच्या किड्यांपासून काढतात. आपल्या मुलांच्या डब्यात लाल, गोड असे काही द्यायचे असेल, तर ते घरी करण्याला हे कारण पुरेसे आहे.

आता फुलांचाच प्रश्न. फूल खावे की नाही, याविषयी आपल्या परंपरेत सर्वत्र एकच आचार नाही. आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंडक श्रावकाचार’ या ग्रंथात, ज्यांत लाभ थोडा आणि जीवघात फार अशा त्याज्य वस्तू सांगताना मुळा, ओले आले, लोणी यांच्या जोडीला कडुलिंबाची फुले आणि केतकी म्हणजे केवडा यांचा उल्लेख आहे. (पाडव्याच्या चटणीत कडुलिंबाचा मोहोर घालण्यापूर्वी हे जरूर आठवावे.) ही दोन्ही फुले नीट पाहिली म्हणजे त्यामागील दृष्टी उमगते. एक अगदी बारीक, झुपक्यांनी येणारे. दुसरे घट्ट पानांच्या आवरणात मिटलेले. आत कोण बसले आहे, हे डोळ्यांना दिसण्याची सोय दोन्हींत नाही. गुलाबाची पाकळी मात्र एकेक सुटी करून, दोन्ही बाजूंनी उजेडात पाहता येते. एवढ्यावरून गुलाब सर्वांना चालतो असा निर्णय देण्याचा अधिकार प्रस्तुत लेखाला नाही. ज्यांचा पुष्पत्यागाचा नियम आहे त्यांनी तो निःशंकपणे पाळावा आणि ज्यांना संदेह असेल त्यांनी आपल्या गुरुमहाराजांना विचारावे. मात्र घरच्या गुलाबाविषयी शंका काढायची आणि पानाच्या दुकानातील गुलकंद डोळे मिटून खायचा, ही रीत विवेकाची नव्हे.

‘दशवैकालिक’ सूत्राच्या पहिल्याच अध्ययनात, द्रुमपुष्पिकेत, भ्रमराचा दृष्टान्त येतो. भ्रमर फुलाला पीडा न देता थोडा थोडा रस घेतो, तशी मुनींनी गोचरी घ्यावी. तो उपदेश मुनींसाठी आहे. आपण तर फूल तोडतोच. तरी झाड ओरबाडायचे नाही, कळीला हात लावायचा नाही आणि पूर्ण उमलून गळायच्या बेतास आलेले फूलच घ्यायचे, एवढे गृहस्थालाही साधण्यासारखे आहे. पाकळ्याही अशाच फुलाच्या सहज सुटतात.

गुलाब देशी, सुवासिक हवा. उत्तरेत पुष्कर, कन्नौज, हसायन या भागांत ज्याला चैती गुलाब म्हणतात तो गुलकंदासाठी उत्तम. आपल्याकडे परसात वाढणारा गावठी गुलाबी गुलाब त्याच कामाचा. मावळ-तळेगावकडील हरितगृहांतून येणारा लांब देठाचा गुलाब दिसायला देखणा असला, तरी त्याला वास जवळजवळ नसतो आणि तो फवारणीवर वाढलेला असतो. फुलवाल्याकडील कोणतेही फूल पोटात जाण्यासाठी पिकवलेले नसते, हे लक्षात ठेवावे. घरच्या चार रोपांना एका दिवसात पुरेशी फुले येत नाहीत. म्हणून पहिल्या आठवड्यात रोजची भर रोज बरणीत घालीत जावे. पाव किलो पाकळ्यांना शंभराच्या आसपास फुले लागतात.

सूर्योदयानंतर, दव सुकल्यावर फुले घ्यावीत. ती लगेच घरात न आणता झाडाजवळच पांढऱ्या कापडावर सावलीत अर्धा तास पसरावीत. फुलातील मुंगी, तुडतुडा आपण होऊन बाहेर येतो आणि आपल्या ठिकाणी परत जातो. मग पाकळ्या सोडवून एकेक पाहाव्यात. हे काम घाईचे नाही. घरातील आजींना आणि मुलांना सोबत बसवावे, लहान डोळ्यांना बारीक किडा आधी दिसतो. पाकळीच्या बुडाशी पांढरट कडवट भाग असतो, तो खुडून टाकावा. धुवायचे असेल तर गाळलेल्या पाण्यातून एकदाच काढून कापडावर सावलीत पूर्ण कोरडे करावे. ओलावा राहिला तर पुढचे सारे श्रम वाया गेले म्हणून समजावे.

पाव किलो पाकळ्यांना चारशे ग्रॅम खडीसाखर, जाडसर कुटलेली. स्वच्छ, कोरड्या काचेच्या बरणीत एक थर साखरेचा, एक पाकळ्यांचा, असे करीत शेवटचा थर साखरेचा घालावा. बरणी तीन-चतुर्थांशच भरावी. साखर पाकळ्यांतील पाणी ओढून घेते, दोन-तीन दिवसांत तळाशी पाक दिसू लागतो आणि पाकळ्या खाली बसतात. पाणी असे साखरेत बांधले गेल्यामुळेच पदार्थ टिकतो. गोडी कमी हवी म्हणून साखर निम्मी करणारे येथेच चुकतात. तीन आठवडे ऊन द्यावे, एक दिवसाआड कोरड्या लाकडी चमच्याने ढवळावे आणि बरणी सूर्यास्तापूर्वी आत आणावी.

मुंग्या लागू नयेत म्हणून बरणी पाण्याच्या ताटलीत ठेवण्याची रीत सर्वत्र आहे. आपल्याकडे ती नको. त्या ताटलीत मुंग्या बुडून मरतात आणि आपण सकाळी ते पाणी ओतून देतो. झाकण घट्ट असावे, बरणीचे अंग रोज कोरड्या फडक्याने पुसावे. बाहेर चिकटपणा नसला म्हणजे मुंगी येत नाही.

अग्नीवर सिद्ध झालेलेच घेण्याचा ज्यांचा नियम आहे, त्यांनी त्याच मापाच्या पाकळ्या आणि साखर जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर वीस मिनिटे ढवळावे. पाकळ्या पारदर्शक आणि पाक घट्ट झाला की उतरवावे. सुवास थोडा उणावतो, पण पोळीवर लावायला हाच प्रकार अधिक मऊ.

जास्वंदीच्या पाकळ्यांचाही असाच गुलकंद होतो. मधली पुंकेसरांची दांडी आणि हिरवा भाग काढून टाकावा. वैशाखात बहावा फुलतो. त्याच्या पिवळ्या पाकळ्यांचा गुलकंद सारक असतो, म्हणून लहान चमच्यापलीकडे घेऊ नये; गर्भवतींनी तर वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊच नये. गडचिरोली, नंदुरबारकडे मोहाच्या फुलांचे लाडू आणि जॅम होतात. ती फुले आपोआप गळतात ही गोष्ट मनाला रुचते खरी, परंतु ती फार लवकर आंबतात, तेव्हा त्या वाटेला न गेलेले बरे. कण्हेर, पिवळी कण्हेर आणि धोतरा ही फुले विषारी आहेत, हे मुलांना आधीच बजावून ठेवावे.

बरणीवर तारीख लिहावी आणि एका उन्हाळ्यापुरतेच करावे. पावसाची दमट हवा सुरू झाली की ओल्या चमच्याची एक चूक बुरशीला पुरते, आणि बुरशी आली की वरचा थर काढून खालचे खाण्याचा विचारही मनात आणू नये. रंग, गंध, रस, स्पर्श यांपैकी एकही पालटला तर तो चलित रस. चातुर्मास बसण्यापूर्वी बरणी संपलेली असावी.

संपवणे अवघड नाही. गरम पोळीला तूप लावून त्यावर चमचाभर गुलकंद पसरून गुंडाळी केली, की शाळेच्या डब्यातील जॅमची आठवण निघत नाही. उपवासानंतरच्या पारण्याला उकळून निवविलेल्या दुधात अर्धा चमचा पुरे. मधुमेह असलेल्यांनी मात्र दूर राहावे. बरणीत निम्म्याहून अधिक साखरच आहे.